गुडघा, मॅरेथॉन आणि अब्बांची खुर्ची

उर्दूत बोलताना माणूस स्वतःला ‘हम’ म्हणतो. शाळेत उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवत आलो, त्यामुळे ही सवय मराठी लिहितानाही सुटत नाही. ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ येऊन बसतं. घरात यावरून आमची चेष्टा होते. पण यंदाच्या जानेवारीतला एक आठवडा असा गेला की त्याबद्दल लिहायला ‘आम्ही’ हाच शब्द बरोबर आहे. गुडघा एकाचाच दुखावला होता, आठवडा मात्र सगळ्या घराने काढला.

रविवार, 18 जानेवारी 2026 रोजी मुंबई मॅरेथॉन होती. 2004 पासून ही शर्यत भरते आणि जानेवारीतला तिसरा रविवार तिच्यासाठी ठरलेला असतो. पूर्ण मॅरेथॉन 42 किलोमीटर 195 मीटरची. ती आमच्या आवाक्यातली नव्हती. आम्ही हाफ मॅरेथॉनला, म्हणजे 21 किलोमीटरला नाव नोंदवलं होतं. शाळेतले एक सहकारी सरही सोबत येणार होते. मुंबईत मुक्कामाला कुर्ल्यातल्या मावसभावाचं घर ठरलं होतं.

धावणं आम्ही हौसेने सुरू केलं नव्हतं. चाळिशी ओलांडली आणि तपासणीत रक्तातली साखर सीमेवर आली. अब्बांना शुगर आहे, दादांनाही होती. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. फजरची नमाज झाली की मशिदीतून तसेच कडा रस्त्याने चालू लागायचं, असा परिपाठ पडला. चालण्याचं हळूहळू पळणं झालं. साखर खाली आली, वजन उतरलं, आणि दोन वर्षांत दहा किलोमीटरच्या दोन छोट्या शर्यतीही झाल्या.

मुंबईचं ठरलं तेव्हा वर्गातल्या मुलांनी पुठ्ठ्यावर एक लांब रस्ता काढला. आम्ही सरावात जेवढे किलोमीटर पळू तेवढे चौकोन मुलं रंगवायची. शेवटचे एकवीस चौकोन मुंबईसाठी कोरे ठेवले होते. “मेडल आणून तुमच्या हातात देतो,” असं आम्ही वर्गात बोलून बसलो होतो. पुढची सगळी अडचण त्या वाक्याने केली.

शर्यतीच्या आधीच्या रविवारी, 11 तारखेला, शेवटचा जरा लांबचा सराव होता. गार पहाट, थोडं धुकं. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आला. त्याला वाट द्यायला आम्ही डांबरावरून साइडपट्टीवर उतरलो. डांबराची कड आणि खालची माती यांत वीतभर फरक होता. डावा पाय खाली रोवला गेला आणि अंग पुढे वळलं. गुडघ्याच्या आत काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. पडलो नाही. उभं राहता येत होतं, चालताही येत होतं. म्हणून ‘काही नाही, मुरगळलाय’ असं स्वतःला सांगून लंगडत घरी आलो.

त्या दिवशी दोन चुका केल्या. संध्याकाळी ओळखीच्या एकाकडून गरम तेलाने गुडघा चांगला चोळून घेतला, आणि रात्री वर गरम पाण्याच्या पिशवीने शेकला. सकाळी उठलो तर गुडघ्याची वाटी दिसेनाशी झाली होती. ताज्या दुखापतीत पहिले दोन-तीन दिवस चोळायचं नसतं, शेकायचंही नसतं. फडक्यात गुंडाळलेला बर्फ एका वेळी पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, हलका क्रेप बँडेज बांधायचा आणि पाय उशीवर उंच ठेवायचा. हे आम्हाला माहीत होतं, मुलांना प्रथमोपचाराच्या तासाला शिकवलंही होतं. पण स्वतःची वेळ आली की शिकवलेलं आठवत नाही.

सोमवारी शाळेत जिना चढताना कठड्याला धरावं लागलं. मधल्या सुट्टीत औषधाच्या दुकानातून गोळी आणली. दुपारी दुखणं कमी झालं आणि मन लगेच हिशेब करू लागलं: रविवारी पहाटे एक गोळी, वाटेत एक. नववीतली मुलगी तर पुरावाच घेऊन आली. “अब्बू, सिफान हसनला बघा ना!” इथिओपियात जन्मलेली आणि नेदरलँड्सकडून धावणारी सिफान हसन आमच्या घरात लाडकी आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये लंडनला ती आयुष्यातली पहिली मॅरेथॉन धावली. सरावाच्या काळात रमजान होता. शर्यतीत कंबरेजवळचा सांधा दुखायला लागला, तेव्हा ती दोनदा रस्त्यात थांबली, पाय ताणले, मागे पडली, आणि तरीही शेवटी पहिली आली. पुढच्याच वर्षी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिने मॅरेथॉनचं सुवर्णपदक घेतलं आणि हिजाब बांधून ते गळ्यात घातलं. मुलीचं म्हणणं एवढंच: तीही दुखत असताना धावली होती.

उदाहरण खरं होतं आणि आम्हाला हवं तेच होतं, म्हणून आम्ही ते लगेच मान्य केलं. मंगळवारी रात्री सगळे झोपल्यावर अंगणात पळून बघितलं. दहा पावलं ठीक गेली. वळताना गुडघा आतून सुटल्यासारखा झाला आणि भिंतीला हात टेकावा लागला. मागे वळून पाहिलं तर दारात मुलांची अम्मी उभी. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “अहो, पुढच्या महिन्यात रमजान आहे. तरावीहला कसे उभे राहणार?” आणि आत निघून गेली.

हा विचार आमच्या मनात आलाच नव्हता. आमच्या मशिदीत तरावीहच्या वीस रकात होतात. वीस रकात म्हणजे चाळीस सजदे, आणि प्रत्येक सजद्यातून उठताना सगळा भार गुडघ्यावर. त्याआधी इशाची नमाज वेगळी. तीस रात्री. एका सकाळच्या दोन-अडीच तासांसाठी आम्ही हे सगळं पणाला लावायला निघालो होतो.

तरीही मन मानत नव्हतं. याला एक कारण आमच्या तालुक्याची हवा आहे. आष्टी तालुक्यात धावणाऱ्या माणसाला अविनाश साबळेचं नाव ऐकल्याशिवाय घर सोडता येत नाही. मांडवा हे त्याचं गाव याच तालुक्यातलं. शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी शाळेसाठी रोज सहा किलोमीटरची वाट. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि सियाचीनच्या बर्फातही राहिला. 2020 साली दिल्लीच्या हाफ मॅरेथॉनमध्ये त्याने 1 तास 30 सेकंदांत अंतर पार केलं. 61 मिनिटांच्या आत धावणारा तो पहिला भारतीय. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं रौप्य, आणि तेही सुवर्णापासून फक्त पाच शतांश सेकंद दूर. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत सुवर्ण. दुष्काळ आणि ऊसतोड एवढ्यावरच ओळखल्या जाणाऱ्या मुलखाला या मुलाने वेगळी ओळख दिली. तेव्हा ‘साबळेंच्या तालुक्यातला मास्तर एकवीस किलोमीटर पळू शकला नाही’ असं लोक म्हणतील, ही भीती होती. हसू येईल, पण ती रात्री झोपू देत नव्हती.

बुधवारी फजरला ते घडलं. दुसऱ्या रकातीत बसलो, सलाम फेरला आणि उठायला गेलो तर गुडघा सरळच होईना. दाराची कडी मध्येच अडकावी तसा तो वाकलेल्या स्थितीत अडकला होता. हाताने पोटरी धरून हळूहळू हलवला तेव्हा ‘खट्’ करून सुटला. सफेच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले अब्बा हे सगळं पाहत होते.

त्या खुर्चीची एक गोष्ट आहे. अब्बा एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर उभ्याने नोकरी केली आणि म्हातारपणी दोन्ही गुडघे झिजले. दोन वर्षांपूर्वी अशी वेळ आली की सजद्यात गेले की त्यांना दोघांनी धरून उठवावं लागे. तरी खुर्ची घ्यायला तयार नव्हते. “पन्नास वर्षं सफेत उभा राहिलो, आता खुर्चीवर बसून नमाज पढू?” असं म्हणत. तेव्हा आम्हीच पुढाकार घेतला. मौलाना साहेबांना घरी बोलावलं. त्यांनी इमरान बिन हुसैन (रजि.) यांची हदीस समजावून सांगितली. ते आजारी होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सांगितलं की उभं राहून नमाज अदा करा, ते जमत नसेल तर बसून, आणि बसणंही जमत नसेल तर कुशीवर पडून. मौलाना म्हणाले की रोज्यांचा हुकूम देणाऱ्या आयतींतच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत दिलेली आहे. या सवलतीला शरीअतमध्ये ‘रुखसत’ म्हणतात, आणि ती देणाराही अल्लाहच आहे. ते गेल्यावर आम्ही अब्बांना आणखी चार गोष्टी सुनावल्या. शिक्षकाची जीभ, थांबते कुठे!

बुधवारी मशिदीत अब्बा काही बोलले नाहीत. घरी आलो, चहा झाला, आणि त्यांनी आपली खुर्ची उचलून आमच्यासमोर ठेवली.

“ही घे.”

“अब्बा, तुम्ही कशावर बसणार?”

“माझी मी बघतो. दोन वर्षांपूर्वी तू मला काय म्हणाला होतास, आठवतं? उज्र असताना रुखसत नाकारणं ही परहेजगारी नाही, ती ऐट आहे. तेव्हा ते मला फार लागलं होतं. रात्रभर झोपलो नव्हतो. पण खरं होतं म्हणून ऐकलं. आता तू ऐक. नक्को जिद कर, बेटा.”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. स्वतःचंच वाक्य परत मिळालं की वाद घालायला जागा राहत नाही.

गुरुवारी रजा टाकून अहिल्यानगरला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी बराच वेळ प्रश्न विचारले. सूज लगेच आली की दुसऱ्या दिवशी? गुडघा अडकतो का? चालताना दगा देतो का? पाय टाकायची पद्धत बदलली आहे का? मग पाय वाकवून, फिरवून, सांध्याच्या कडेला बोटाने दाबून पाहिलं. आतल्या बाजूला एका ठिकाणी दाबताच आम्ही टेबलावरून उठलो. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये कूर्चेची गादी असते, तिला मेनिस्कस म्हणतात. पाय रोवलेला असताना शरीर वळलं की ती फाटू शकते. सूज काही तासांनी किंवा रात्रीतून चढते. मुख्य लिगामेंट तुटलं तर आत रक्तस्राव होऊन बहुधा तास-दोन तासांतच गुडघा फुगतो. आमचं लक्षण पहिल्या प्रकारचं होतं. एमआरआय करून खात्री करायची होती.

आम्ही तरी विचारलंच, “गोळी घेऊन पळालो तर?” डॉक्टर म्हणाले की वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे, गोळीने तो झोपतो, चोर मात्र घरातच राहतो. शिवाय घाम गाळत, शरीरातलं पाणी कमी होत असताना अशा वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो आणि पोटालाही त्रास होतो. “मग नुसतं चालत पूर्ण केली तर?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. एकवीस किलोमीटर म्हणजे पंचवीस हजारांहून जास्त पावलं. अडकणाऱ्या गुडघ्यावर पंचवीस हजार पावलं.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट धावणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. शर्यतीच्या शेवटच्या आठवड्यात कितीही सराव केला तरी नवी ताकद येत नाही. स्नायूंना सरावाचं फळ मिळायला काही आठवडे लागतात. आणि आठवडाभर विश्रांती घेतल्याने कमावलेलं फारसं जातही नाही. म्हणून किरकोळ दुखणं असेल तर ‘बघू या पळून’ असं रोज तपासण्यापेक्षा सरळ चार-पाच दिवस पाय थांबवावा. स्नायू आखडल्याचं दुखणं हालचालीने सैल होतं, विश्रांतीने उतरतं. पण सूज असेल, सांधा अडकत असेल, पाय दगा देत असेल किंवा लंगडल्याशिवाय चालता येत नसेल, तर शर्यतीचा विचार तिथेच थांबवायचा आणि डॉक्टरांकडे जायचं. सिफान हसन थांबली, पाय ताणले आणि पुन्हा धावली, कारण तिचा सांधा अडकलेला नव्हता. हे आम्ही घरी येऊन मुलीला समजावलं.

शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी तर एका वाक्यात निकाल लावला. 2025 च्या जुलैमध्ये मोनॅको इथल्या शर्यतीत अविनाश साबळे पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला. गुडघ्याचं लिगामेंट आणि मेनिस्कस दोन्हींना इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरमधली टोकियोची जागतिक स्पर्धा सोडावी लागली. “सर, अविनाशने टोकियो सोडलं. तुम्हाला मुंबई सोडवत नाही?” इतके दिवस ज्या नावाच्या भीतीने पळायचं म्हणत होतो, त्याच नावाने थांबायला सांगितलं.

शुक्रवारी जुम्याला पहिल्यांदा खुर्चीवर बसून नमाज अदा केली. सफेच्या कडेला अब्बा आणि त्यांच्या शेजारी आम्ही. चाळिशीतल्या माणसाला खुर्चीवर पाहून दोघा-तिघांनी वळून पाहिलं. त्या क्षणी कळलं की दोन वर्षांपूर्वी अब्बांनी आमच्या सांगण्यावरून काय गिळलं होतं. तेव्हा आम्ही मसला सांगितला होता, मन विचारलं नव्हतं.

शनिवारी सकाळची शाळा. सगळ्यात अवघड काम तेच होतं. वर्गात उभं राहून सांगितलं की सर उद्या मुंबईला पळणार नाहीत आणि मेडल येणार नाही. मुलं गप्प झाली. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे आईवडील ऊसतोडीला गेलेले, तो आजीजवळ राहतो. म्हणाला, “सर, माझ्या आईचापण गुडघा सुजतो. पण ती थांबत नाही. खाडा पडतो.”

खाडा हा शब्द आमच्या जिल्ह्यात लहान मुलांनाही ठाऊक असतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. आजारपणाने एक दिवस काम बुडालं की तो खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो माणसं कोयते घेऊन बाहेर पडतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या त्या बाईच्या गुडघ्याला ना बर्फ, ना रजा. ज्या ट्रॉलीला वाट देताना आमचा पाय वळला, ती ट्रॉली अशाच कुणीतरी भरलेली असणार.

त्या मुलाला काय सांगावं ते सुचलं नाही. आजही सुचत नाही. आठवडाभर आम्ही पळायला मिळत नाही म्हणून रडत होतो, आणि थांबायला मिळणं हीच केवढी मोठी नेमत आहे हे एका सहावीतल्या मुलाने सांगितलं.

रविवारी पहाटे सवयीने जाग आली. फजर झाली. सहकारी सर मुंबईत धावत होते. चहा घेत, पाय स्टुलावर ठेवून, बर्फाची पिशवी लावून सगळं घर मोबाइलवर त्यांची वेळ बघत बसलं. वाईट वाटलं नाही असं कसं म्हणू? वाटलं. सरांनी शर्यत पूर्ण करून फोन केला आणि म्हणाले, “पेडर रोडच्या चढावर तुमची आठवण झाली.” तेव्हा आम्ही फोन मुलीकडे दिला आणि तोंड धुवायला उठलो.

एमआरआयमध्ये मेनिस्कसला लहानशी चीर निघाली. शस्त्रक्रियेची गरज पडली नाही, अलहम्दुलिल्लाह. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करायचे, जिना कमी, मांडी घालून बसणं बंद, आणि सूज पूर्ण उतरल्यावर आधी चालणं. रमजानमध्ये तरावीह अब्बांच्या शेजारी खुर्चीवर झाली. रात्री घरी परतताना बापलेक एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत चालायचो. इतक्या गप्पा आम्ही गेल्या वीस वर्षांत मारल्या नव्हत्या.

एक हदीस मौलाना साहेबांनी त्या दिवसांत सांगितली. माणूस आजारी पडला किंवा प्रवासात असला, तरी निरोगी असताना आणि घरी असताना तो जी नेक अमल करत असे, तिचं पुण्य त्याच्या नावे लिहिलं जातं. ही हदीस इबादतीची आहे, मॅरेथॉनची नाही, हे आम्हाला कळतं. पण हजरत सलमान (रजि.) यांनी आपल्या भावासारख्या मित्राला, रात्रंदिवस इबादत करणाऱ्या अबू दरदा (रजि.) यांना, शरीराचा आणि घरच्यांचाही माणसावर हक्क असतो याची आठवण करून दिली होती आणि प्रेषितांनी (स.) ते बरोबर ठरवलं होतं. इबादतीतही शरीराचा हक्क मारायचा नसेल, तर मेडलसाठी तो मारण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला?

वाचकहो, आपल्या घरात कुणी शुगर असताना रोज्याचा हट्ट धरत असेल, कुणी गुडघे झिजले तरी खुर्ची नाकारत असेल, कुणी ताप अंगावर काढून स्वयंपाकघरात उभी असेल. त्यांना मसला जरूर सांगा, डॉक्टरांकडेही न्या. पण सांगताना थोडं त्यांच्या शेजारी बसा. आणि ज्यांना थांबण्याची सवलत कुणीच देत नाही, त्यांना आपण कामाला लावलं असेल तर ती आपणच द्यावी.

वर्गातल्या पुठ्ठ्यावर शेवटचे एकवीस चौकोन अजून कोरे आहेत. मुलांनी तो पुठ्ठा उतरवू दिलेला नाही. पुढच्या जानेवारीत ते रंगवले जातील की नाही, हे अल्लाहच जाणे. सध्या आम्ही फजरनंतर कडा रस्त्याने चालतो, आणि उसाची ट्रॉली आली की आधी थांबतो, मग सावकाश पाय बघून खाली उतरतो.